जुन्या ध्वनिवर्धकाला पहिली वीज



व्हॉल्व्हचा जुना ध्वनिवर्धक, म्हणजे ज्याला आपण अँप्लिफायर म्हणतो तो, पुरता उकलावा, त्यातील थकलेले कंडेन्सर व रेझिस्टन्स काढून नवे घालावेत, तारा नव्याने जोडाव्यात, आणि मग एके दिवशी त्याला वीज देण्याची वेळ यावी, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना त्या क्षणाची धाकधूक सांगावयास नको. ही वेळ फार तर दहा सेकंदांची. पण महिन्याभराची मेहनत आणि सहजासहजी पुन्हा न मिळणारे दोन ट्रान्सफॉर्मर ह्या दहा सेकंदांत पणाला लागलेले असतात. निष्काळजीपणा झाला तर त्याहूनही मोलाची वस्तू, म्हणजे जोडणाऱ्याचा जीव, धोक्यात येतो. ह्या पहिल्या विजेची रीत कोणती, आणि ती देताना जे दोष प्रकट होतात ते ओळखावे कसे, हा आजचा विषय आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की पहिली वीज एकदम द्यावयाची नसते. ती पायरीपायरीने द्यावी, प्रत्येक पायरीवर यंत्राला एकच प्रश्न विचारावा, आणि त्याचे उत्तर मीटरवर वाचल्याखेरीज पुढे पाऊल टाकू नये.

ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात जन्मला, व्हॉल्व्हचे युग केव्हाच सरले. मग ही जुनी विद्या आज कशाला, असे कोणी विचारील. घराघरांच्या माळ्यांवर, शाळा-वाचनालयांच्या अडगळीत, जुन्या मंडळांच्या कपाटांत ही यंत्रे अद्याप पडून आहेत. कोणाला वडिलांच्या तबकड्या त्याच यंत्रावर ऐकावयाच्या असतात, कोणा गिटारवादकाला त्याचाच आवाज हवा असतो. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड पालथा घातला तर कंडेन्सर मिळतील, रेझिस्टन्स मिळतील. पण नीट गुंडाळलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर मिळणे दुर्घट. त्याची गुंडाळी थराथरांत विभागून, एकात एक गुंफून करावी लागते, आणि ती करून देणारे हात आता थोडे उरले आहेत. तेव्हा हाती आहे तो जाळून चालत नाही.

व्हॉल्व्हचे काम समजण्यास पाटाच्या पाण्याचे उदाहरण पुरेसे आहे. काचेच्या आत हवा नाही. मध्ये कॅथोड नावाची बारीक नळी, तिच्या पोटात हीटरची तार. नळी तापली की तिच्या अंगावरून इलेक्ट्रॉन सुटतात. भोवती अ‍ॅनोड नावाचा पत्रा. त्यावर दोन-तीनशे व्होल्टचा धन दाब ठेवला की ते इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. दोहोंच्या मध्ये बारीक तारेची जाळी, ती ग्रिड. पाटाच्या तोंडाशी बसविलेली फळी बोटभर वर-खाली केली की शेतात जाणारे पाणी कितीतरी कमी-अधिक होते. ग्रिडचे काम त्या फळीचे. ती कॅथोडच्या मानाने काही व्होल्ट ऋण ठेवलेली असते, म्हणजे फळी अर्धवट लावलेली असते. हा ऋण दाब नाहीसा झाला तर फळी पूर्ण उघडते, प्रवाहाचा लोंढा लोटतो आणि पत्रा लाल होतो. पुढे सांगावयाच्या बहुतेक दोषांचे मूळ ह्या एवढ्या गोष्टीत आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून आम्ही एक ठरावीक यंत्र डोळ्यांपुढे ठेवतो. १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडच्या मुलार्ड कंपनीने हौशी मंडळींसाठी जे आराखडे प्रसिद्ध केले, त्यांत 'फाइव्ह-टेन' नावाचा एक फार लोकप्रिय झाला. पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट, एवढाच त्या नावाचा अर्थ. आरंभी ईएफ ८६, मग दोन विरुद्ध संदेश तयार करणारा ईसीसी ८३, शेवटी जोडीने ओढणारे दोन ईएल ८४, आणि उलटसुलट विजेची एकमार्गी वीज करणारा रेक्टिफायर. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनविण्यास आरंभ केला, आणि त्या कारखान्याचे जुने व्हॉल्व्ह आजही हौशी माणसाच्या खोक्यात सापडतात. ह्या आराखड्यात आपल्याकडे अनेक फेरफार होतात. आम्ही असा नमुना घेतो की ज्याचा पॉवर ट्रान्सफॉर्मर मधल्या टोकाच्या दोन्ही बाजूंस ३००-३०० व्होल्ट देतो, रेक्टिफायर ईझेड ८१ आहे, आणि प्रत्येक ईएल ८४ च्या कॅथोडला २७० ओहमचा स्वतंत्र रेझिस्टन्स आहे.

येथे एक भेद प्रथम ध्यानात घ्यावा. चालता चालता बंद पडलेले यंत्र आणि नव्याने जोडलेले यंत्र ह्यांची चिकित्सा एक नव्हे. बंद पडलेले यंत्र काल बरोबर होते, म्हणजे त्याची जोडणी बरोबर आहे. त्यात बहुधा एखादाच भाग निकामी झालेला असतो. नव्याने जोडलेले यंत्र मात्र ह्या रूपात कधीच चाललेले नाही. त्यात एक तार भलत्या पायाला गेलेली असू शकते, एक डाख कच्चा असू शकतो, एक कंडेन्सर उलटा बसलेला असू शकतो, आणि हे तिन्ही दोष एकाच वेळी असू शकतात. म्हणून येथे पहिला संशय आपल्या हातांवर घ्यावा, भागांवर नंतर. नकाशाची एक प्रत घ्यावी, तांबडी पेन्सिल घ्यावी, आणि प्रत्येक तार यंत्रात डोळ्याने पाहून नकाशावर तांबडी करावी. ज्याने जोडले त्याने हे एकदा करावे, आणि शक्य तर दुसऱ्याकडून पुन्हा करवावे. कारण आपली चूक आपल्या डोळ्याला बरोबरच दिसते. व्हॉल्व्हच्या बैठकीचे पाय खालच्या बाजूने पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजतात. वरून मोजले तर सगळेच उलटे होते. मोठ्या कंडेन्सरवरील धन-ऋण खुणा, ट्रान्सफॉर्मरची टोके, आणि डाखाचे ओघळ दोन पायांत अडकलेले नाहीत ना, एवढे तरी तांबड्या पेन्सिलीने तपासलेच पाहिजे.

आता सावधगिरीचे बोलू. ३२० व्होल्टवर भरलेल्या १०० मायक्रोफॅरड कंडेन्सरांत सुमारे पाच जूल शक्ती साठते, आणि वीज बंद केल्यावरही ती तेथेच राहते. प्लग काढला म्हणजे यंत्र निर्जीव झाले, ही समजूत घातक आहे. दहा हजार ओहमचा, दहा वॅटचा तारेचा रेझिस्टन्स घेऊन त्याला नीट आवरणाची दोन टोके लावावीत, आणि प्रत्येक वेळी वीज बंद केल्यावर तो कंडेन्सरवर पाच-दहा सेकंद धरावा. मग मीटरने शून्य आल्याची खात्री करावी आणि मगच हात घालावा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची जी सवय कित्येक ठिकाणी दिसते ती कंडेन्सरलाही वाईट आणि माणसालाही. मीटरचे काळे टोक चिमट्याने यंत्राच्या चासीला अडकवावे, लाल टोक एका हाताने लावावे, आणि दुसरा हात खिशात ठेवावा. म्हणजे प्रवाहाला एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जाण्यास वाट मिळत नाही. पाय कोरड्या फळीवर, जवळपास दुसरा माणूस, आणि त्याला मुख्य स्विच कोठे आहे हे ठाऊक. प्लग तीन पायांचा असावा व चासी अर्थला जोडलेली असावी. ज्यांत ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि चासी थेट लाइनला जोडलेली असते असे काही जुने एसी-डीसी रेडिओ आहेत. ते ह्या व्याख्यानाच्या कक्षेबाहेरचे, आणि नवशिक्याने त्यांच्या वाटेस जाऊ नये हेच बरे.

वीज देण्यापूर्वी मीटर ओहमवर ठेवून दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे मुख्य धन दाबाची तार आणि चासी ह्यांमधला रोध. काट्याचा मीटर असेल तर काटा प्रथम शून्याकडे झेप घेतो आणि कंडेन्सर भरत जाईल तसा हळूहळू मागे सरकतो. तो काही हजार ओहमांच्या आतच अडून राहिला तर कोठेतरी वाट चुकली आहे. तशा स्थितीत वीज देऊ नये. दुसरी गोष्ट पॉवर ट्रान्सफॉर्मरचे आवरण. कोकणात किंवा कोठेही पावसाळ्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या कागदात ओल शिरते. मेगरने ५०० व्होल्टवर प्राथमिक गुंडाळी आणि चासी ह्यांमधला रोध पाहावा. तो कमी भरला तर ट्रान्सफॉर्मर एका खोक्यात दिव्याच्या उबेवर दोन-तीन दिवस वाळवून पुन्हा पाहावा. ह्याच वेळी प्राथमिक गुंडाळीची टोकेही तपासावीत. जुन्या ट्रान्सफॉर्मरवर २००, २२०, २४० अशी निरनिराळी टोके असतात. २२० च्या टोकावर २४० व्होल्ट दिले तर ६.३ व्होल्टच्या हीटरला जवळजवळ ६.९ व्होल्ट मिळतात. यंत्र चालते, पण व्हॉल्व्हचे आयुष्य घटते.

आता सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत स्वस्त उपकरण. वायरमनच्या पेटीत असतो तोच सिरीज दिवा. लाइनच्या एका तारेत तारेचा जुन्या पद्धतीचा काचेचा दिवा ओळीने जोडावयाचा. एलईडीचा दिवा येथे चालत नाही. टंगस्टनची तार थंड असताना तिचा रोध तापल्यावरच्या रोधाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. ६० वॅटच्या दिव्याचा पूर्ण तापल्यावर रोध सुमारे ८८० ओहम असतो. यंत्र थोडा प्रवाह घेत असेल तर तार थंड राहते आणि जवळजवळ सगळा दाब यंत्राला मिळतो. यंत्रात शॉर्ट असेल तर तार तापते, रोध वाढतो, आणि कितीही बिघाड असला तरी ०.२६ अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह जाऊच शकत नाही. फ्यूज एकदा उडाला की गप्प बसतो. दिवा मात्र बिघाड किती मोठा आहे हे आपल्या उजेडाने सांगत राहतो. अर्थात फ्यूजही हवाच: लाइनमध्ये एक, आणि उच्च दाबाच्या गुंडाळीच्या मधल्या टोकाच्या तारेत २५० मिलिअँपिअरचा दुसरा.

पहिली पायरी अशी, की सर्व व्हॉल्व्ह काढून ठेवावेत आणि सिरीज दिव्यातून वीज द्यावी. प्रश्न एकच: ट्रान्सफॉर्मर आणि हीटरच्या तारा निर्दोष आहेत काय? दिवा क्षणभर चमकून विझला, किंवा जेमतेम लाल राहिला, तर उत्तर होकारार्थी. तो झगझगीत पेटून राहिला तर एकतर हीटरच्या दोन तारा कोठे चिकटल्या आहेत, किंवा ट्रान्सफॉर्मरचे वेढे आतून जळाले आहेत. दुय्यम बाजूच्या सर्व तारा सोडवून पुन्हा पाहिले की दोन्हींचा निवाडा होतो. दिवा शांत असेल तर उच्च दाबाची दोन्ही अर्धी मोजावीत. ती सारखी भरली पाहिजेत. हीटरचा दाब ह्या वेळी ६.३ हून काहीसा जास्त दिसतो. भार नसल्यामुळे तसे होते. त्यात घाबरण्याजोगे काही नाही.

दुसऱ्या पायरीत रेक्टिफायर सोडून बाकीचे व्हॉल्व्ह बसवावेत. ईएफ ८६ चा हीटर ०.२ अँपिअर घेतो, ईसीसी ८३ चा ०.३, आणि प्रत्येक ईएल ८४ चा ०.७६, बेरीज सुमारे २ अँपिअर. उच्च दाब अजून नाही, तेव्हा भय कमी. दिव्यासह पाहून झाल्यावर दिवा काढावा, थेट लाइनवर चारही हीटर लाल होतात हे पाहावे, आणि दाब ६.३ च्या आसपास येतो की नाही ते मोजावे. ह्याच वेळी काचेचीही परीक्षा करावी. व्हॉल्व्हच्या टोकाशी आतून जो चंदेरी मुलामा असतो तो शिल्लक हवा शोषून घेण्यासाठी घातलेला बेरियम धातू होय. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे. तो व्हॉल्व्ह बाद समजावा.

तिसरी पायरी उच्च दाबाची, आणि येथे थोडे थांबावयास हवे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा जो अतिपातळ थर असतो तोच त्याचे आवरण. कंडेन्सर वर्षानुवर्षे निष्क्रिय पडला की हा थर झिजतो, आणि एकदम पूर्ण दाब दिला तर तो गळू लागतो, तापतो, प्रसंगी फुटतो. दाब हळूहळू चढविला तर थर पुन्हा भरून येतो. म्हणून पुष्कळ लोक सल्ला देतात की व्हेरिअ‍ॅकने लाइनचा दाब शून्यापासून हळूहळू वाढवावा. सल्ला चांगला, पण व्हॉल्व्हच्या रेक्टिफायरपाशी तो फसतो. लाइनचा दाब अर्धा असताना रेक्टिफायरचा हीटरही अर्धाच तापतो, त्यामुळे तो जवळजवळ काहीच वीज पुढे सोडत नाही. मग हीटर पुरेसा तापला की दाब एकदम उसळतो. चढ असा होतच नाही, उडी होते. तेव्हा जुना किंवा दीर्घकाळ दुकानात पडलेला कंडेन्सर यंत्रात घालण्यापूर्वीच, वेगळ्या उच्च दाबाच्या पुरवठ्यावर, मोठ्या रेझिस्टन्समधून तासन् तास भरून घ्यावा. आणि खरे तर, नव्याने जोडणी करताना नवे कंडेन्सर घालणे हेच शहाणपणाचे.

कंडेन्सरच्या दाबाचे गणितही ह्याच वेळी करावे. ईझेड ८१ बसवला आणि ईएल ८४ अद्याप काढलेले असले, की प्रवाह ओढणारे फारसे कोणी नसते, आणि ३०० व्होल्टची उलटसुलट वीज कंडेन्सरवर तिच्या शिखराइतकी, म्हणजे ४२४ व्होल्ट होऊन बसते. रात्री लाइन २३० ची २५० झाली तर हाच आकडा ४६० वर जातो. आराखड्यात काम करतानाचा दाब ३२० लिहिला आहे म्हणून ३५० व्होल्टचा कंडेन्सर घालणाऱ्याची फसगत येथे होते. शिवाय रेक्टिफायरच्या जागी सिलिकॉनचे डायोड घातले असतील तर हा पूर्ण दाब कळ दाबताच, बाकीचे व्हॉल्व्ह तापण्यापूर्वीच, प्रत्येक वेळी येतो.

चौथी पायरी म्हणजे ह्या सर्व प्रकरणाचा गाभा. आता ईएल ८४ ची जोडी बसवावयाची. त्याआधी स्पीकरच्या टोकांना, स्पीकरच्या रोधाइतकाच, दहा-पंधरा वॅटचा तारेचा रेझिस्टन्स जोडावा. भाराविना चालविलेल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक गुंडाळीवर इतका दाब उसळू शकतो की आवरण फुटते. आणि नवा स्पीकर ह्या परीक्षेत बळी देण्याचे कारण नाही. शेवटच्या टोकाकडून पहिल्या व्हॉल्व्हकडे ध्वनीचा अंश परत नेणारी फीडबॅकची तार ह्या वेळी सोडून ठेवावी. तिचे कारण पुढे येईल. सिरीज दिवा १०० वॅटचा घ्यावा. कारण यंत्र आता खरोखर काम करणार आहे आणि थोडा उजेड पडणे साहजिक आहे. दिव्यामुळे दाब काहीसा कमी मिळतो, म्हणून पुढील आकडे दिवा काढल्यावरचे समजावेत.

मीटर एका ईएल ८४ च्या कॅथोडच्या रेझिस्टन्सवर लावून ठेवावा आणि मग कळ दाबावी. हा रेझिस्टन्स २७० ओहमचा. त्यावर १०.८ व्होल्ट दिसले तर ओहमच्या नियमाने प्रवाह ४० मिलिअँपिअर झाला. त्यातला सुमारे ४ मिलिअँपिअर स्क्रीनचा, ३६ अ‍ॅनोडचा. अ‍ॅनोडवर ३०० व्होल्ट असतील तर पत्र्यावर सुमारे साडेदहा वॅट उष्णता होते. ईएल ८४ ची सहनशक्ती १२ वॅटची. म्हणजे सर्व ठीक. तोच दाब १६ व्होल्ट दिसला तर प्रवाह ६० मिलिअँपिअर, उष्णता सुमारे १५ वॅट, आणि पत्रा लाल होण्याच्या मार्गावर. ताबडतोब वीज बंद करावी. आकडा शून्य असेल तर प्रवाहच नाही: व्हॉल्व्ह मेला आहे, अथवा अ‍ॅनोड किंवा स्क्रीनपर्यंत दाब पोचत नाही, अथवा कॅथोडचा लहान कंडेन्सर शॉर्ट होऊन मीटरची दिशाभूल करीत आहे. हे तिसरे कारण विशेष फसवे, कारण त्यात आकडा शून्य दिसतो आणि प्रवाह मात्र बेसुमार चाललेला असतो. म्हणून मीटरवर शून्य असताना डोळा पत्र्यावर ठेवावा.

प्रवाह जास्त असेल तर पुढची पायरी म्हणजे ग्रिडचा दाब मोजणे. तो चासीच्या मानाने शून्य असला पाहिजे. ऋणपणा कॅथोड वर उचलल्यामुळे येतो. ग्रिडवर काही व्होल्ट धन दाब दिसला तर दोनच संशयित उरतात: मागच्या व्हॉल्व्हकडून संदेश आणणारा जोड-कंडेन्सर गळतो आहे, किंवा ईएल ८४ च्या आत वायू उरला आहे. निवाडा अगदी सोपा आहे. वीज बंद करून, कंडेन्सर रिकामे करून, तो व्हॉल्व्ह काढावा, आणि पुन्हा वीज देऊन रिकाम्या बैठकीच्या ग्रिडच्या पायावर मोजावे. धन दाब तसाच राहिला तर कंडेन्सर दोषी. नाहीसा झाला तर व्हॉल्व्ह दोषी. आणि दाब नसूनही प्रवाह अवाजवी असेल, तर ग्रिडपासून चासीकडे जाणारा रेझिस्टन्स तुटलेला किंवा कच्च्या डाखाचा आहे का ते पाहावे.

कंडेन्सरची गळती किती सूक्ष्म असली तरी बाधते, ह्याचे गणित उद्बोधक आहे. मागच्या अ‍ॅनोडवर २०० व्होल्ट आहेत, ग्रिडचा रेझिस्टन्स ४,७०,००० ओहमचा आहे, आणि जुन्या कागदी कंडेन्सरचा रोध घटून १ कोटी ओहम झाला आहे असे धरा. साध्या मीटरवर १ कोटी ओहम म्हणजे उत्तम कंडेन्सर! पण प्रत्यक्षात ग्रिडवर जवळजवळ ९ व्होल्ट धन दाब येतो, आणि कॅथोडचे ११ व्होल्ट त्याने जवळपास निष्प्रभ होतात. म्हणून 'मीटरवर तपासला, चांगला आहे' हे प्रमाणपत्र जोड-कंडेन्सरच्या बाबतीत ग्राह्य धरू नये. त्याची परीक्षा त्याच्या कामाच्या दाबावरच होते.

उलट बाजूने, जो दोष नव्हे त्याला दोष समजण्याचेही प्रसंग येतात. ह्या आराखड्यात ईएफ ८६ चा अ‍ॅनोड ईसीसी ८३ च्या ग्रिडला थेट जोडलेला असतो. तेथे सत्तर-ऐंशी व्होल्ट दिसणे हा नियमच, कारण त्या व्हॉल्व्हचा कॅथोडही तितकाच वर उचललेला असतो. ईएल ८४ च्या काचेच्या अंगावर आतून निळसर झाक दिसली तर तीही निरुपद्रवी. काचेवर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे ती उमटते. मात्र तीच झाक जांभळट-गुलाबी होऊन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत धुक्यासारखी भरली, तर आत वायू आहे.

पाचवी पायरी फीडबॅकची. बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतील हॅरॉल्ड ब्लॅक ह्या अभियंत्याला १९२७ च्या ऑगस्टमध्ये, हडसन नदीवरील नावेतून कामावर जाताना, ही कल्पना सुचली: बाहेर पडणाऱ्या ध्वनीचा थोडा अंश उलटा करून आरंभाला परत दिला तर वर्धनशक्ती घटते, पण त्याबरोबर विकृतीही घटते. ह्यात 'उलटा' हा शब्द महत्त्वाचा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन अ‍ॅनोड-तारांची अदलाबदल झाली असेल तर परत आलेला अंश उलटा न राहता सुलटा होतो, आणि यंत्र पहिल्या क्षणापासून पूर्ण शक्तीने किंचाळू लागते. पाहणाऱ्याला वाटते सारेच बिघडले. प्रत्यक्षात दोन तारा बदलल्या की काम झाले. म्हणूनच ही तार आम्ही आरंभी सोडावयास सांगितली. आधी तिच्याविना यंत्र नीट चालते हे पाहावे, हलका आवाज सोडावा, मग वीज बंद करून तार जोडावी. पुन्हा चालू केल्यावर आवाज कमी झाला तर जोडणी बरोबर. किंचाळी आली तर अ‍ॅनोडच्या दोन तारांची अदलाबदल करावी. कधी कधी यंत्र माणसाच्या कानापलीकडच्या कंपनांत ओरडते. कानाला शांतता, आणि भाराचा रेझिस्टन्स मात्र तापतो. म्हणून आवाजाची कळ शून्यावर ठेवूनही त्या रेझिस्टन्सवरचा उलटसुलट दाब मोजावा. ऑसिलोस्कोप मिळाला तर उत्तमच.

शेवटची तक्रार बहुधा गुणगुणण्याची. येथे कानालाच मीटर करावे. आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची. हीटरच्या तारांतून किंवा अर्थच्या चुकीच्या जोडणीतून येणारी गुणगुण ५० कंपनांची, म्हणजे खोल व मऊ असते. रेक्टिफायरनंतरची लहर मात्र दुप्पट, म्हणजे १०० ची, एक सप्तक वर आणि काहीशी खरखरीत. ती ऐकू आली तर गाळणीचा कंडेन्सर थकला आहे, किंवा जोडीतील दोन ईएल ८४ सारखा प्रवाह घेत नाहीत, असे समजावे. दोन कॅथोडांचे दाब ताडून पाहिले की दुसऱ्या शंकेचा निकाल लागतो. गुणगुण कोणत्या टप्प्यावर शिरते हे शोधण्यास आरंभापासून एकेक व्हॉल्व्ह, अर्थात वीज बंद करून, काढावा. ईएफ ८६ काढल्यावर ती थांबली तर मूळ त्याच्यापाशी किंवा त्याच्या आधी. न थांबली तर पुढे.

हे सर्व झाले, आकडे जुळले, म्हणून लगेच झाकण लावू नये. प्रत्येक मोजणी वहीत लिहावी. चालू केल्यावर लगेच, दहा मिनिटांनी, आणि तासाभराने. कॅथोडचा दाब तासाभरात स्थिर राहिला तर यंत्र निरोगी. तो हळूहळू चढतच राहिला तर व्हॉल्व्हमधील वायू किंवा तापल्यावरच गळणारा कंडेन्सर आपले स्वरूप उघड करतो आहे. पुढे पाच-दहा वर्षांनी यंत्र दुसऱ्या कोणाच्या हाती जाईल तेव्हा ही वही त्याला नकाशाइतकीच उपयोगी पडेल. म्हणून तिची एक प्रत झाकणाच्या आतच चिकटवून ठेवावी.

सारांश सांगावयाचा तर एवढाच, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. यंत्र किंचाळले म्हणून व्हॉल्व्ह बदलला, त्याच बैठकीत कंडेन्सरही बदलला, दोन ताराही हलविल्या, आणि मग ते सुधारले, तर यंत्र सुधारले खरे, पण दोष कशात होता हे कळले नाही. तो परत आला की आपण पुन्हा पहिल्याच जागी. उलट एक मोजणी, एक बदल, पुन्हा एक मोजणी, ह्या क्रमाने गेलेला मनुष्य सावकाश पोचतो, पण पोचल्यावर त्याच्या हाती यंत्राबरोबर ज्ञानही असते. जुने ट्रान्सफॉर्मर पुन्हा होणार नाहीत; पण ते जाळून न घेण्याची रीत एकाने दुसऱ्यास सांगितली, तर ह्यापुढेही पुष्कळ वर्षे आपली जुनी गाणी त्यांच्यातून ऐकू येतील. श्रोत्यांपैकी कोणाच्या माळ्यावर असे यंत्र असेल तर त्यांनी ते खाली काढावे, धूळ झटकावी. पण कळ मात्र आजच दाबू नये. आधी तांबडी पेन्सिल, मग सिरीज दिवा, आणि मग, एका हाताने, मीटर.